अधिकाऱ्याला शेअर दिले की तो मालक होतो का?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या उद्यमबागेतली एक जुनी फाउंड्री एसएमई मंचावर (शेअर बाजारातल्या लहान-मध्यम कंपन्यांच्या विभागात) शेअर विक्रीला आणायच्या तयारीत आहे. विचारणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी. त्यांना स्वतंत्र संचालक म्हणून बोलावणं आलं आहे. कंपनीचे एकूण शेअर १ कोटी. सल्लागारांचा प्रस्ताव असा की बाहेरून आणलेल्या सीईओला २ लाख, सीएफओला (वित्त प्रमुखाला) ५० हजार, आणि मालकांचे चिरंजीव व्यवस्थापकीय संचालक आहेत त्यांना २ लाख स्टॉक ऑप्शन द्यायचे. 'शेअर दिले की माणूस मालकासारखा वागतो असं सल्लागार म्हणतात. एन्रॉनपासून सगळे मोठे घोटाळे शेअरवाल्या साहेबांनीच केले असंही वाचतो. खरं काय, आणि सही करण्याआधी मी काय बघू?'

आधी सोपं काम उरकू. चिरंजिवांचं नाव यादीतून काढा. प्रवर्तक (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणारे मालक), प्रवर्तक गटातली माणसं आणि १० टक्क्यांहून जास्त शेअर असलेला संचालक यांना कर्मचारी ऑप्शन देता येत नाहीत. मान्यताप्राप्त स्टार्टअपना यात सवलत आहे, जुन्या फाउंड्रीला नाही. स्वतंत्र संचालकालाही ऑप्शन चालत नाहीत, तेव्हा 'तुमचंही बघू' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबवा. सीईओचे २ लाख म्हणजे भांडवलाचे २ टक्के. एकाच माणसाला एका वर्षात १ टक्का किंवा त्याहून जास्त द्यायचे असतील तर त्याच्या नावानं भागधारकांचा वेगळा विशेष ठराव लागतो. प्रस्तावात तो नसेल तर सल्लागारांनी नियम वाचलेले नाहीत, किंवा तुम्ही वाचणार नाही असं धरलेलं आहे.

आता मूळ मुद्दा. ऑप्शन हा शेअर नव्हे. ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा तो हक्क आहे, घेण्याची सक्ती नाही. आज भाव २०० रुपये असताना २०० रुपयांनी घेण्याचा हक्क दिला आणि भाव १२० वर आला, तर अधिकाऱ्याचं काहीच जात नाही, तो हक्क वापरत नाही इतकंच. त्याच २ लाख शेअरचा खरा मालक मात्र १ कोटी ६० लाखांनी खाली येतो. भाव वर गेला तर दोघांनाही सारखाच फायदा. म्हणजे वरच्या बाजूला मालक, खालच्या बाजूला पगारदार. 'मालकासारखा वागतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि भानगडीला जागा मिळते ती उरलेल्या अर्ध्यात.

आकडा मांडून बघा. कंपनीचा करोत्तर नफा ८ कोटी, म्हणजे दर शेअरला ८ रुपये. बाजार २५ पट मोजतो म्हणून भाव २००. सीईओनं कागदावर २ कोटी करोत्तर नफा वाढवला. त्यासाठी करपूर्व सुमारे २ कोटी ६७ लाखांचा खोटा नफा दाखवावा लागेल, आणि त्यावरचा ६७ लाखांचा कर कंपनी खऱ्या पैशानं भरेल. दर शेअरला नफा १०, भाव २५०. त्याच्या २ लाख ऑप्शनवर दर शेअरला ५० रुपये सुटले, म्हणजे १ कोटी. ऑप्शनऐवजी त्याला नफ्यात २ टक्के बोनस असता, तर याच २ कोटींच्या खोटेपणावर त्याला ४ लाख मिळाले असते. चार लाखांसाठी नोकरी आणि अब्रू पणाला लावणारे थोडे. एक कोटीसाठी विचार करणारे बरेच निघतात. मधला फरक पंचवीसपट, म्हणजे बाजार नफ्याला जितक्या पटीनं मोजतो नेमका तितका. ज्या कंपनीला बाजार ६० पट देतो, तिथं हाच मोह साठपट असतो. म्हणून वेगानं वाढणाऱ्या, महाग भावाच्या कंपन्यांत ही जोखीम जास्त आणि संथ, १० पटीच्या कंपन्यांत कमी. सल्लागारांनी या गुणाकाराचं कोष्टक दिलं नसेल तर मागून घ्या.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर कसं झालं ते पाहण्यासारखं आहे, कारण सुरुवात चांगल्या हेतूनं झाली होती. १९९३ च्या कर कायद्यानं बड्या अधिकाऱ्यांच्या पगारापैकी १० लाख डॉलरवरच्या रकमेची वजावट बंद केली, पण कामगिरीशी जोडलेल्या मोबदल्याला सूट ठेवली. ऑप्शन त्या सवलतीत बसले. वर भर म्हणजे तेव्हाच्या लेखानियमांत चालू भावाला दिलेल्या ऑप्शनचा खर्चच नफा-तोटा पत्रकात दिसत नसे. कंपनीच्या दृष्टीनं ही फुकटची नोट होती. दहा वर्षांत तिथल्या साहेबांचा मोबदला पगारावरून भावावर सरकला.

एन्रॉन ही अमेरिकेतली ऊर्जा कंपनी आपल्याला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे ठाऊक आहे. तिथं दीर्घ मुदतीच्या करारांचा पुढच्या कित्येक वर्षांचा अंदाजित नफा पहिल्याच वर्षी हिशेबात धरला जायचा. ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरच्या आसपास होता, २ डिसेंबर २००१ ला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मधल्या काळात वरचे लोक शेअर विकत होते आणि कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये अडकली होती.

वर्ल्डकॉम या अमेरिकी टेलिफोन कंपनीचं प्रकरण तुमच्या कामाचं जास्त. दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या तारा वापरण्याचं भाडं हा रोजचा खर्च. तो मालमत्ता म्हणून नोंदवला, म्हणजे खर्च यंदा न दिसता पुढच्या वर्षांवर पसरला. जून २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा घोळ जाहीर झाला, शेवटी आकडा ११ अब्जांवर गेला. तो पकडला कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागानं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच: प्रमुख बर्नार्ड एबर्स यांनी आपले शेअर तारण ठेवून प्रचंड कर्जं काढली होती. भाव पडला की कर्ज देणारे आणखी तारण मागत, आणि ते भागवण्यासाठी कंपनीनंच त्यांना सुमारे ४० कोटी डॉलरची कर्जं आणि हमी दिली. भाव टिकवणं ही त्यांची वैयक्तिक निकड झाली होती. २००५ मध्ये त्यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

तिसरा प्रकार तारखेचा. २००५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या एरिक ली यांनी दाखवलं की ऑप्शन दिल्याच्या तारखेआधी भाव पडलेला असतो आणि नंतर चढतो, आणि हे इतक्या सातत्यानं घडतं की नशीब म्हणून सोडता येत नाही. तारीख मागाहून, भाव सर्वांत कमी असलेला दिवस शोधून टाकली जात होती. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीच्या माजी प्रमुखांनी डिसेंबर २००७ मध्ये सुमारे ४६.८ कोटी डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे मागची तारीख टाकायची गरजच कमी, कारण एक्सरसाइज किंमत (ऑप्शन वापरून शेअर घेण्याची ठरलेली किंमत) बाजारभावाच्या खाली ठेवायला कंपनी मोकळी आहे, फक्त खर्च हिशेबात दाखवावा लागतो. इथं बघायचं ते ठरावाची तारीख आणि चांगली बातमी जाहीर झाल्याची तारीख यांतलं अंतर. मोठी ऑर्डर सोमवारी जाहीर झाली आणि ऑप्शन आधीच्या शुक्रवारी दिले, तर समितीनं इतिवृत्तात कारण लिहायला हवं.

संशोधन काय म्हणतं? 'शेअर दिले की घोटाळा होतो' इतकं सरळ कुणालाच सापडलेलं नाही. बर्न्स आणि केडिया यांच्या २००६ च्या अभ्यासात हिशेबातल्या फेरफाराचा संबंध ऑप्शनशी दिसला. पगार, बोनस, विक्रीवर बंधन असलेले शेअर यांच्याशी दिसला नाही. त्याच वर्षी एरिक्सन, हॅनलन आणि मेड्यू यांना शेअर-मोबदला आणि लेखा घोटाळा यांत सुसंगत संबंध सापडला नाही. जॉन्सन, रायन आणि तियान यांनी २००९ मध्ये वेगळी बाजू मांडली: घोटाळ्याच्या कंपन्यांत सर्वांत मोठं प्रलोभन होतं ते केव्हाही विकता येणाऱ्या शेअरचं. हे निष्कर्ष एकमेकांना छेदतात असं वाटतं, पण माझं वाचन असं की सगळे एकाच जागी बोट ठेवतात. शेअर किती दिले याला फारसं महत्त्व नाही. ते कधी विकता येतात आणि भाव पडला तर कुणाचं जातं, यावर सगळं ठरतं.

सीएफओबद्दलचा २०११ चा फेंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तर तुमच्या प्रस्तावाला थेट लागू आहे. मोठ्या फेरफारांत सीएफओ सामील झाले ते स्वतःच्या शेअरच्या लोभानं नव्हे, तर सीईओच्या दबावानं. सीईओच्या हातात मात्र मोठं शेअर-प्रलोभन होतं. म्हणून सीएफओचे ५० हजार ऑप्शन कमी केले की जोखीम गेली असं समजू नका. त्याला नेमण्याचा, पगारवाढीचा आणि काढण्याचा निर्णय लेखापरीक्षण समितीच्या मान्यतेशिवाय होणार नाही, हे लिहून घेणं जास्त उपयोगाचं. मुख्य मंचावरच्या कंपन्यांना सीएफओच्या नेमणुकीसाठी ती मान्यता नियमानंच लागते. एसएमई मंचावर सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) कंपनी-कारभाराच्या बऱ्याच अटींतून सूट आहे, म्हणून ती स्वतःच्या ठरावात आणावी लागते. कंपनी कायद्यातल्या लेखापरीक्षण समिती आणि नामनिर्देशन व मोबदला समिती मात्र नोंदणी झाल्यावर सुटत नाहीत.

ज्याचा पगार काट्यावर अवलंबून, त्याच्या हातात काटा द्यायचा नाही हे चिकोडी-अथणीच्या ऊसवाल्याला सांगावं लागत नाही. अंतर्गत लेखापरीक्षक, दर्जा तपासणी प्रमुख आणि शक्यतो सीएफओ यांचा मोबदला भावाशी किंवा त्या वर्षाच्या नफ्याशी जोडू नका. आणि हा शेअरचाच रोग आहे असंही नाही. आपल्याकडच्या काही पतसंस्था-सौहार्द संस्थांत ३१ मार्चला ठेवी फुगतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरतात. तिथं ऑप्शन कुठले, नुसतं ठेवींचं उद्दिष्ट आणि त्यावरचा बोनस. ठरावीक तारखेला ठरावीक आकडा गाठला की सगळं आणि चुकला की शून्य, अशी रचना केली की तारीख जवळ आल्यावर आकडा वाकतो.

भारतातला मोठा धोका ऑप्शनपेक्षा गहाणवटीचा आहे. प्रवर्तकाला ऑप्शन मिळत नाहीत, पण त्याच्याकडे शेअर असतात आणि ते गहाण ठेवून तो पैसे उचलतो. १०० रुपयांच्या शेअरवर ५० रुपये कर्ज घेतलं आणि भाव ८० झाला, की कर्ज देणारा आणखी शेअर किंवा रोख मागतो. नाही दिलं तर तो बाजारात विकतो, भाव आणखी पडतो, पुढची मागणी येते. या साखळीत सापडलेला प्रवर्तक एबर्सच्याच जागी उभा असतो. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे प्रमुख रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबूल केलेले आकडे बघा: रोख आणि बँक शिल्लक ५,३६१ कोटी दाखवली, त्यातली ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हती. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत महसूल २,७०० कोटी दाखवला, खरा २,११२ कोटी. परिचालन नफा ६४९ कोटी दाखवला, खरा ६१ कोटी. दोन्हीतला फरक ५८८ कोटी, एकसारखा. खोट्या विक्रीला खर्च नसतो, ती जशीच्या तशी नफ्यात उतरते. विक्रीबरोबर नफ्याचं प्रमाण अचानक चढलं तर आधी हाच संशय घ्यायचा. प्रवर्तकांचा हिस्सा तोवर एक आकडी टक्क्यांवर आला होता आणि तोही गहाण होता. राजूंना अडकवायला ऑप्शनची गरज पडली नाही. त्यानंतर जानेवारी २००९ मध्येच सेबीनं गहाण शेअर जाहीर करणं सक्तीचं केलं. आज प्रवर्तकाच्या हिश्शापैकी ५० टक्के किंवा एकूण भांडवलाच्या २० टक्के गहाण पडले की कारणंही द्यावी लागतात. तुमच्या फाउंड्रीत मालकांनी आणि चिरंजिवांनी कुठं, कुणाकडे, किती गहाण ठेवलं आहे, घराण्यातल्या दुसऱ्या धंद्यांना कंपनीनं हमी दिली आहे का, हे लेखी मागा. सीईओच्या २ लाख ऑप्शनपेक्षा मी इथं जास्त वेळ घालवीन.

आता अटी. ऑप्शन द्यायचेच तर असे द्या. कायद्यानं ग्रँट (ऑप्शन देणं) आणि व्हेस्टिंग (ते वापरण्याचा हक्क पक्का होणं) यांत किमान १ वर्ष लागतं. तुम्ही ४ वर्षं ठेवा आणि भार मागे टाका: पहिल्या वर्षी १० टक्के, मग २०, ३०, ४०. एक्सरसाइजनंतर मिळालेल्या शेअरपैकी कराची रक्कम भागेल तितके विकू द्या, उरलेल्यांतले निम्मे नोकरी सोडल्यावर २ वर्षांपर्यंत बंद. कंपनीला अशी बंदी घालता येते. करापुरती सूट का, तर आपल्याकडे कर विक्रीच्या दिवशी लागत नाही. एक्सरसाइजच्या दिवशीच, त्या दिवसाची किंमत वजा एक्सरसाइज किंमत ही रक्कम पगार धरून कर कापला जातो, वरच्या पातळीला अधिभार सोडूनही ३१.२ टक्के. १ कोटीच्या फरकावर ३१ लाख रोख आणायचे कुठून? म्हणून एक्सरसाइजबरोबर थोडे शेअर विकले यात वावगं काही नाही. सगळेच विकले, तेही निकालानंतर लगेच, तर मात्र पुढचे दोन निकाल बारकाईनं बघायचे.

व्हेस्टिंग नफ्याशी जोडायचं तर पायरी ठेवू नका. '१० कोटी नफा झाला तर सगळे' या अटीत ९ कोटी ९० लाखांवर अडकलेला माणूस १० लाखांसाठी एप्रिलची बिलं मार्चमध्ये ओढतो. ८ ते १२ कोटींत सरकती पट्टी ठेवा. नफ्याबरोबर परिचालनातून आलेली रोख मोजा, एका वर्षाची नव्हे तर तीन वर्षांची मिळून. खोटा नफा दाखवता येतो, पण तीन वर्षं खोटी रोख दाखवायला बँकेची खोटी कागदपत्रं लागतात आणि ते सगळ्यांच्या आवाक्यातलं नसतं. भाव मोजायचा तर एका दिवसाचा घेऊ नका, तीन महिन्यांची सरासरी घ्या. एसएमई शेअरमध्ये व्यवहार इतके विरळ असतात की चार लोक मिळून एका दिवसाचा भाव सहज हलवतात. मिळालेले शेअर गहाण ठेवायला मनाई करा.

वसुलीचं कलम नीट लिहा. हिशेब खोटे निघून दुरुस्त करावे लागले तर जादा मिळालेला मोबदला, ऑप्शनसकट, परत घेण्याची तरतूद कंपनी कायद्याच्या कलम १९९ मध्ये आहे. पण त्यात व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक, व्यवस्थापक आणि सीईओ येतात. सीएफओचं नाव त्यात नाही. म्हणून त्याच्या करारात वेगळं कलम घाला. मागे किती वर्षं जायचं (अमेरिकेत आता ३ वर्षं), अधिकाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागेल की नाही (लागू नये), रक्कम कर वजा करून की आधीची, आणि चौकशी सुरू असताना न वापरलेले ऑप्शन गोठतील की नाही, या चार गोष्टी करारात नसतील तर कलमाचा उपयोग शोभेपुरताच. असलं तरी वसुली सोपी नसते. आयसीआयसीआय बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये माजी प्रमुखांचे एप्रिल २००९ ते मार्च २०१८ मधले बोनस परत घ्यायचं आणि ऑप्शन रद्द करायचं ठरवलं, त्यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. गेलेला पैसा परत आणण्यापेक्षा न दिलेला रोखणं कधीही स्वस्त. रिझर्व्ह बँकेनं खासगी बँकांसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये हेच केलं: बड्या अधिकाऱ्यांच्या बदलत्या मोबदल्यापैकी किमान ६० टक्के किमान ३ वर्षं मागे ठेवायचा. फाउंड्रीला तो नियम लागू नाही, नमुना म्हणून मात्र उत्तम.

विक्रीचे नियम: कालावधी संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्या माणसांना शेअरचे व्यवहार करायची मुभा, बंद. या काळात ऑप्शन एक्सरसाइज करता येतात, मिळालेले शेअर विकता येत नाहीत. तिमाहीत १० लाखांवर व्यवहार झाला की दोन दिवसांत कंपनीला कळवायचं. विंडो उघडी असली तरी आतली बातमी माहीत असताना विकता येत नाही. इंडसइंड बँकेच्या प्रकरणात सेबीनं २८ मे २०२५ च्या अंतरिम आदेशात पाच अधिकाऱ्यांचे १९.७८ कोटी रुपये गोठवले. प्राथमिक आक्षेप असा की हिशेबातली तफावत ठाऊक असताना, ती बाजाराला कळण्याआधी त्यांनी शेअर विकले.

हे सगळं कागदावर झालं. फाउंड्रीत नफा खरा आहे का हे बघायला कागदाबाहेर जावं लागतं, आणि त्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा फाउंड्री तपासायला सोपी, कारण लोखंड वितळवल्याशिवाय कास्टिंग होत नाही. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. विकाऊ कास्टिंगचा उतारा ६० टक्के धरा, बाकीचं रनर, रायझर आणि रिजेक्शन म्हणून परत भट्टीत जातं. महिन्याला ५०० टन कास्टिंग विकलं म्हणत असतील तर ८३३ टन धातू वितळला पाहिजे, म्हणजे नुसत्या भट्टीला सुमारे ५ लाख युनिट. हेस्कॉम या वीज कंपनीचं बिल साडेतीन लाख युनिटचं असेल तर कास्टिंग ३५० टनांच्या आसपासच. उतारा आणि भट्टीची कार्यक्षमता कारखान्यागणिक बदलते, म्हणून आधी त्याच कारखान्याचं दोन वर्षांचं दर टनामागचं प्रमाण काढा. यंदा ते अचानक २० टक्क्यांनी सुधारलं आणि नवी भट्टी मात्र आलेली नाही, तर विचारा. जॉबवर्कनं बाहेरून ओतून घेतलं असेल तर त्याची चलनं असतात.

विक्रीची दुसरी साक्ष गिऱ्हाइकाकडे असते. ५० लाखांवर खरेदी करणारे मोठे ग्राहक खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापून भरतात आणि तो आयकर पोर्टलवर कंपनीच्या खात्यात दिसतो. कंपनी म्हणते एका ग्राहकाला १२ कोटींचा माल विकला, आणि टीडीएस पडलाय ५० लाखांपलीकडच्या ७ कोटींवर. मग उरलेले साडेचार कोटी कुठं? वेळेतला फरक असेल, ग्राहकाची उलाढाल १० कोटींच्या आत असल्यानं त्याला कापावा लागत नसेल, पण उत्तर मिळायला हवं.

मार्चअखेरीसाठी २० मार्च ते १५ एप्रिल एवढाच काळ घ्या. शेवटच्या दहा दिवसांतली बिलं आणि पहिल्या पंधरा दिवसांतल्या क्रेडिट नोटा (बिल रद्द किंवा कमी केल्याचे कागद) शेजारी ठेवा. ३० मार्चला पाठवलेला माल ८ एप्रिलला 'रिजेक्शन' म्हणून परत आला असेल तर तो खरंच आला का, की नुसता कागद फिरला, ते गेटच्या रजिस्टरवर बघा. कोल्हापूर-पुण्याकडे गेलेल्या मालाला ५० हजारांवर ई-वे बिल असतंच. ट्रक गेला असेल तर हत्तरगी आणि कोगनोळीच्या टोलनाक्यांवर फास्टॅगची नोंद आहे. आकडा बिलावर, वेळ टोलवर. दोन्ही जुळवायला एका माणसाचा एक दिवस पुरतो. भंगाराच्या खरेदीत जास्त दक्ष राहा. बनावट बिलांचा खेळ तिथं सर्वांत सोपा, आणि तेच दोन-तीन व्यापारी खरेदीतही आणि विक्रीतही दिसले तर माल न हलता उलाढाल फुगलेली असू शकते.

वर्ल्डकॉमची युक्ती फाउंड्रीत कुठं लपते? भट्टीचं लायनिंग काही आठवड्यांत झिजतं, तो खर्च आहे. पॅटर्नची (साचा बनवायच्या नमुन्याची) दुरुस्ती खर्च आहे. स्थिर मालमत्तेच्या यादीत यंदा 'भट्टी सुधारणा', 'पॅटर्न विकास' अशी नवी नावं आली आणि दुरुस्तीचा खर्च तेवढाच घटला, तर बिलं मागवा. साठ्यात चालू कामाचं मूल्य बघा. ३१ मार्चला अर्धवट कास्टिंग किलोमागे तयार मालाच्या भावानं मोजलेलं आढळतं. येणी १८० दिवसांवर गेली आणि बुडीत येण्यांची तरतूद मात्र तीच, हा तर नेहमीचाच प्रकार.

यांतलं एखादं चिन्ह एकटं असेल तर घाई करू नका. फाउंड्रीचा धंदा तेजी-मंदीचा आहे, मोटार कंपन्यांची मागणी घटली की येणी लांबतात. नफा चढता आणि रोख उतरती, सीईओची व्हेस्टिंगची तारीख सहा महिन्यांच्या आत, आणि ऑडिटर मुदतीआधी सोडून गेलेला, हे तीन एकत्र आले तर सही करू नका. गेलेल्या ऑडिटरला स्वतः फोन करा आणि कारण विचारा. राजीनाम्याच्या पत्रात 'वैयक्तिक कारण' लिहिलेलं असतं, फोनवर निदान आवाजाचा सूर कळतो.

आणि सल्लागारांना एक विचारून घ्या: त्यांची फी रोख आहे, की इश्यूच्या आकारावर, की शेअरमध्ये?